आधी काच खाली ठेवू दे

"ऐकलं म्हणू नकोस. काय ऐकलंस ते सांग."

हा आवाज तिच्या कानात राहायला आला तेव्हा ती सात वर्षांची होती. मोजपट्टीचं एक टोक तिच्या मुठीत, दुसरं बाबांच्या मुठीत, आणि मध्ये एक रिकामी खिडकी. बाबांनी आकडा सांगितला. ती "ऐकलं" म्हणाली. बाबा जागचे हलले नाहीत, पट्टीही सोडेनात. मग तिने आकडा मोठ्याने परत म्हटला, तेव्हा कुठे त्यांनी पट्टी सुर्रकन गुंडाळून घेतली.

"आता हा आकडा दोघांचा झाला," ते म्हणाले. "एकट्याच्या आकड्यावर काच कापू नये, पोरी. काच एकदा कापली की ती आपली समजूत काढत बसत नाही."

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. काचेचं दुकान मामांनी सांभाळलं, आणि बाबांची हिरकणी, काच कापायची ती हिऱ्याच्या टोकाची लेखणी, तिच्या हातात आली. हात तिचा असा बसला की हत्याराचं नाव माणसाला चिकटलं. दुकानात तिला सगळे हिरकणीच म्हणत. भल्या थोरल्या काचेवर ती एकच रेघ ओढायची, श्वास धरून, आणि मग टेबलाच्या कडेवर हलकेच दाब द्यायची. टक्. काच जणू स्वतःच कबूल व्हायची.

दुकान चार माणसांचं. गुडघ्यांनी दगा दिलेले मामा. चौकटीत काच बसली की तिच्या कडेला खडूच्या भुकटीची तेलकट लांबी भरणाऱ्या काकू, ज्यांचं बोट जितकं मऊ तितकी जीभ तिखट. हिरकणी. आणि मापाडी.

मापाडी तिला भेटला तो आरशाच्या पलीकडे.

शिंप्याच्या दुकानाचा पुरुषभर उंचीचा आरसा होता. अरुंद गल्ली, वरून भुरभुर पाऊस, पायाखाली फरशी गुळगुळीत. पुढे मामा, मागे ती. मध्येच मामांचा गुडघा म्हणाला, आता बास. आरसा कलला, आणि कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याने पुढे होऊन ती बाजू झेलली. मामा बाजूच्या पायरीवर बसले. हिरकणीला माणूस दिसेना. समोर दिसत होती ती स्वतःच, कपाळाला बटा चिकटलेली. आरशाच्या कडेवर आठ बोटं, आणि खाली दोन बूट.

"धरलंत?" तिने विचारलं.

"हं."

"हं म्हणजे काय?"

आरसा जरा गोंधळला. "हं म्हणजे... हो."

"हो म्हणजे काय? धरलंय, सोडताय, की घसरतंय?"

"धरलंय," आरसा म्हणाला. मग थोडं थांबून, शहाण्यासारखा, "डावी बाजू माझ्याकडे पक्की आहे. उजवा पाय पाण्यात आहे. आणि बुटाची नाडी सुटली आहे."

"ती दिसतेय मला. बांधू नका आत्ता."

"बांधत नाही आत्ता."

तिच्या मनात काहीतरी टक् झालं. सांगितलेलं परत म्हणणारा माणूस तिला बाबांनंतर पहिल्यांदा भेटला होता, आणि त्याचं तोंडही अजून पाहिलं नव्हतं. शिंप्याच्या दारापर्यंत दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं ती एका आवाजाबरोबर चालत होती, आणि आरशात आपलाच चेहरा लाल होताना बघत होती. लपवायची सोयच नव्हती.

आरसा भिंतीला लागला, तेव्हा पलीकडून एक उंच, ओलाचिंब, हसरा माणूस निघाला. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत कामाला होता. दुसऱ्या दिवशी तो आरसा नीट बसला का ते विचारायला आला. तिसऱ्या दिवशी घरच्या खिडकीची काच फुटली म्हणून आला. त्याच आठवड्यात आणखी एक काच फुटली.

"याच्या घराला खिडक्या तरी किती आहेत, ते विचार एकदा," काकू म्हणाल्या. "नाहीतर बिचारा भिंती फोडून नव्या करायचा."

चार महिन्यांत कचेरी सुटली आणि तो दुकानात आला. काम मापं घेण्याचं, म्हणून काकूंनी त्याचा मापाडी केला. तो खिडकीचं माप मोठ्याने सांगायचा, ती मोठ्याने परत म्हणायची. मग चौकटीत काच आवळून बसू नये म्हणून चारी बाजूंनी एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सूट ती स्वतः वजा करायची. माप त्याचं, सूट तिची, हे ठरलेलं. हळूहळू मापाबरोबर बाकीचंही तसंच बोललं जाऊ लागलं.

"चहा ठेवते," ती म्हणायची.

"चहा ठेवतेस. दोन कप. माझ्यात साखर कमी, आणि कप देताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघणार आहेस."

"शेवटचं मी म्हटलं नव्हतं."

"नाही का? मला वाटलं, ऐकलं मी."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. काकूंना आठवत होतं, पण त्या सांगत नव्हत्या. त्या लांबी भरताना नुसत्या गुणगुणायच्या:

काचेच्या पल्याड उभा, दिसतो पण बोलेना,
ओठामधली गाठ बाई, बोटांनी ग सुटेना.

अशी दोन वर्षं गेली. मग तो जिना आला.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. एका घराच्या वरच्या मजल्यावर काच न्यायची होती. तो वरच्या पायरीवर, ती खालच्या, मध्ये आरपार काच. वळणावर तो थांबला. काचेतून तिच्याकडे बघत म्हणाला, "हिरकणी, तुला एक विचारायचं होतं..."

त्याच्या आवाजात नेहमीचं हसू नव्हतं.

"आधी काच खाली ठेवू दे," ती म्हणाली. "मग विचार."

काच खाली ठेवली. चौकटीत बसवलीही. आणि मग ती उगाचच खाली गेली, गाडीत काचांखाली अंथरलेलं गवत नीट करायला. तो जिन्यात उभा राहिला. तिने काही विचारलं नाही, आणि त्याने पुन्हा काढलं नाही.

तो काय विचारणार ते तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. उत्तरही तयार होतं, दोन वर्षांपासून घडी घालून ठेवलेलं. पण त्याच्याखाली एक भीतीही घडी घालून होती. चार माणसांचं दुकान. उद्या दोघांचं बिनसलं, तर काचेची दुसरी बाजू कोण धरणार? आहे ते फुटलं, तर कुठल्या मापाची नवी आणायची? त्यापेक्षा न बोललेलं बरं. न कापलेली काच निदान अख्खी तरी राहते.

न बोललेलं मात्र एका जागी बसून राहत नाही. आधी चहाचं बोलणं गेलं. मग मापाचं. तो माप मोठ्याने सांगेनासा झाला, चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवू लागला. तिला समोर उभं राहून आकडा परत म्हणायला नको होतं, म्हणून तिलाही ते सोयीचं वाटलं. एकदा चिठ्ठीच्या शेवटी 'कृपया' असा शब्द आला. तिनेही उलट चिठ्ठीवर 'कृपया' लिहिलं. माणसं 'कृपया'वर आली की काहीतरी तडकलंय हे समजायला हवं होतं.

ते समजलं इस्पितळात.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांची नवी खोली. तिथे कुणाला आत जाऊ देत नाहीत. आया बाहेरच्या बोळात उभ्या राहून बघणार, म्हणून खोली आणि बोळ यांच्यामध्ये एक मोठी जाड काच बसवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळं त्या खोलीत यायची होती. चौघांनी काच उचलली, चौकटीत उभी केली, डावीकडे सरकवली... आणि उजवीकडे बोट जाईल एवढी फट राहिली. उजवीकडे सरकवली, फट डावीकडे आली.

खोलीतल्या सिस्टर पुढे आल्या. त्यांनी फटीशी तळहात धरला, वारा लागतो का ते पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पाव किलोच्या फरकाने जगणारी लेकरं आहेत हो ही. एवढी फटसुद्धा चालायची नाही."

मापाड्याने पट्टी काढून काच मोजली. मग खिशातून स्वतःच्या वहीचं पान काढलं. त्याचा चेहरा उतरला.

"सूट मी वजा केली होती," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझं बोट कापलं होतं. म्हटलं, तुझं तेवढं काम वाचेल."

हिरकणीने पट्टी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं. "मीपण वजा केली. नेहमीसारखी."

एकच सूट दोघांनी कापली होती, आणि काच चौकटीपेक्षा अर्ध्या इंचाने उणी भरली होती. मग सुरू झालं. चूक माझी, तो म्हणाला. नाही, माझी, विचारायला हवं होतं, ती म्हणाली. चिठ्ठीत लिहायला हवं होतं, तो म्हणाला. मामा भिंतीला टेकून ऐकत होते.

"चूक कुणाची ते वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "तुमचं बोलणं कधीपासून बंद झालं, तेवढं सांगा मला."

मापाड्याने वहीचं पान परत खिशात घातलं. जिना दोघांनाही आठवला.

दुकानात तसली जाड काच आता एकच उरली होती. पुढची महिन्याने येणार. परतीच्या वाटेवर गाडीत बसून हिरकणी कापलेल्या बोटाची पट्टी कुरतडत होती, आणि कानात तो जुना आवाज घुमत होता. एकट्याच्या आकड्यावर काच कापू नये. आणि आपण तर, तिच्या मनात आलं, एकटीच्या अंदाजावर दोन आयुष्यांची मापं घेऊन बसलो.

दुकानात शिरताच तिने दार लोटलं, कापायच्या टेबलावर दोन्ही तळहात ठेवले आणि म्हणाली, "कुणी हत्याराला हात लावायचा नाही. आधी ज्याच्या पोटात जे आहे ते टेबलावर काढायचं. कामाचं, दुखण्याचं, कसलंही. त्याशिवाय मी ही शेवटची काच कापणार नाही."

काकू डोळे विस्फारून बघत राहिल्या. "ही आता बापासारखी उभी राहिली," त्या मामांना म्हणाल्या. आणि त्यांनीच पहिली सुरुवात केली. त्यांना जवळचं नीट दिसत नव्हतं. सहा महिने त्या लांबी डोळ्यांनी नव्हे, बोटांनी चाचपून भरत होत्या. चष्मा लागला म्हटलं की म्हातारी म्हणाल, म्हणून बोलल्या नव्हत्या. मामांनी गुडघ्यांकडे पाहिलं आणि सांगून टाकलं की आता त्यांच्याने जड बाजू धरवत नाही. काच उचलताना ते दर वेळी मनात देवाला हाक मारतात, आणि देव काही पगारी माणूस नव्हे. चौघांना हसू आलं. टेबलाभोवतीची हवा सैल झाली.

मापाडी शेवटी बोलला. शर्टाच्या खिशातून त्याने घड्या पडलेलं एक पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"दुसऱ्या शहरातल्या काच कारखान्याचं आहे. मोठी जागा आहे, मापांच्या सगळ्या कामावर देखरेख. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय." तो हिरकणीकडे बघत होता. "जिन्यात तेच विचारायचं होतं मला. जाऊ का, म्हणून."

तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. तीन आठवडे ती एका प्रश्नापासून पळत होती, आणि तो प्रश्न तो नव्हताच. भलत्याच खिडकीचं माप घेऊन ती बसली होती. आणि खरा प्रश्न घेऊन हा माणूस तीन आठवडे एकटाच जिन्यात उभा होता.

काकूंनी भुवई उचलली. मामांनी घड्याळाकडे बघितलं. दुपार कलायला लागली होती.

कालपर्यंतची हिरकणी गाडीतलं गवत नीट करायला गेली असती. आजची जागची हलली नाही. "काच बसली की मला तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "आजच. पुढे ढकलणार नाही. काय ऐकलंस?"

त्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित वर गेला. कितीतरी दिवसांनी. "काच बसली की बोलायचं. आजच. पुढे ढकलायचं नाही."

"चौकट?"

"रुंदी बहात्तर इंच, उंची अठ्ठेचाळीस. ही मोकळ्या चौकटीची मापं. सूट वजा केलेली नाही."

"रुंदी बहात्तर, उंची अठ्ठेचाळीस, मोकळी चौकट. सूट मी वजा करते. चारी बाजूंनी एकेक सूत."

"सूट तू वजा करतेस. चारी बाजूंनी एकेक सूत," तो म्हणाला. त्याच्यामागून काकू म्हणाल्या, मग मामाही म्हणाले. आकडा चौघांचा झाला.

तिने काचेवर तेलाचं बोट फिरवलं. पट्टी लावली. श्वास धरला. हातातली हिरकणी किर्र करत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, न थांबता, न कचरता. मापाड्याने पलीकडची कड धरली. "धरलंय. माझ्याकडून तयार," तो म्हणाला. तिने दाब दिला.

टक्.

दिवेलागणीच्या आत काच इस्पितळात पोचली. आता उचलताना, वळताना, टेकवताना चौघांचं तोंड चालू होतं. मामांनी जड बाजू सोडून दारं धरली आणि तसं सांगून धरली. काच चौकटीत शिरली, चारी बाजूंनी एकेक सूत मोकळी, बाळाच्या अंगाला दुपटं बसावं तशी. सिस्टरांनी पुन्हा तळहात फिरवला आणि या वेळी नुसत्या हसल्या.

काकू बोळाच्या बाजूने लांबी भरायला बसल्या. मामांचा जाड चष्मा नाकावर घेऊन. हिरकणी आतल्या बाजूने काच पुसत होती. खोली रिकामी, पांढरी, उद्याची वाट बघणारी. पलीकडे बोळात मापाडी पुसत होता. दोघांची फडकी काचेवर समोरासमोर आली, थबकली. तो काहीतरी बोलला. ओठ हलले, आवाज आला नाही. जाड काच होती, आवाज जाऊ द्यायचाच नाही म्हणून बसवलेली. तिने कानाला हात लावून मान हलवली.

इथूनच बोलून टाकावं, असं तिला एकदा वाटलं. तिने सगळं म्हणायचं, त्याला काहीच कळायचं नाही, आणि सांगितल्याचं समाधानही मिळायचं. तोंड उघडलंसुद्धा. मग तिने ते मिटलं. काचेआडून बोललेलं बोलणं नव्हे. तीन आठवडे तेच तर चाललं होतं.

फडकं खाली ठेवून ती निघाली. हात धुवायची खोली, पहिलं दार, दुसरं दार, बोळाचं वळण. चपलांचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटत होता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मध्ये काच नव्हती, आरसा नव्हता. दोघांचेही हात रिकामे.

"जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. आवाज पहिल्या दोन शब्दांना हलला, मग सरळ झाला. "ते तुझं तू ठरव. पण माझं ऐकल्याशिवाय ठरवू नकोस. मला तू आवडतोस. आरशाच्या पलीकडे नुसता आवाज होतास, तेव्हापासून. बिनसलं तर काच कोण धरेल, या भीतीने मी बोलले नाही. आणि न बोलताच बिनसलं. मला तुझ्याबरोबर राहायचंय... दुकानात, आणि दुकानाबाहेरही. तू इथे असलास तर इथे. नसलास तर कसं, ते आपण दोघं बसून ठरवू. एकेकटं नाही."

काकूंचं बोट काचेच्या कडेवर थांबलं होतं. गुणगुणणंही.

"ऐकलं," तो हळूच म्हणाला.

"ऐकलं म्हणू नकोस."

"थांब, सांगतो." त्याने खोल श्वास घेतला, ती रेघ ओढायच्या आधी घेते तसा. "जायचं की नाही ते मी ठरवायचं, पण तुझं ऐकून. मी तुला आवडतो. आरशापासून. तुला भीती वाटत होती. तुला माझ्याबरोबर राहायचंय, दुकानात आणि दुकानाबाहेर. कुठे आणि कसं ते दोघांनी बसून ठरवायचं. आणि जाऊ का असं मी विचारत होतो ते 'नको' ऐकायला. दोन वर्षं मी इथे थांबलोय, ते तू आत्ता म्हणालीस तेच ऐकायला."

"शेवटचं मी म्हटलं नव्हतं."

"नाही. ते माझं. सांगायचं राहिलेलं." तो हसला, आणि त्याने खाली आपल्या बुटांकडे बघितलं. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, बांधू नका आत्ता? मी घरी जाईपर्यंत ती नाडी बांधली नव्हती."